जुनी आणि नवी मनगटी घड्याळे: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनगटी घड्याळे जमवण्याचा आणि वापरण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यामुळे नात्यातली, गल्लीतली आणि कामावरची माणसे घड्याळ घेताना, दुरुस्तीला टाकताना किंवा आजोबांच्या पेटीत एखादे जुने घड्याळ सापडल्यावर माझ्याकडे येतात. त्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. या सर्व उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे: जे घड्याळ आपल्याच गावातला कारागीर उघडून पुन्हा चालू करू शकेल आणि जे आपण खरोखर मनगटावर बांधू, तेच घ्यावे.

संग्रहाची सुरुवात कोणत्या घड्याळाने करावी?

बाजारात जाण्यापूर्वी घरातले कपाट उघडावे. कोल्हापुरातल्या ज्या घरात साठ-सत्तर वर्षांचे माणूस आहे, त्या घरात एखादे बंद पडलेले चावीचे घड्याळ बहुधा निघतेच. कोणाला ते लग्नात सासऱ्यांकडून मिळालेले असते, कोणी ते पहिल्या पगारातून घेतलेले असते, तर कोणाला ते निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेले असते. अशा घड्याळाची हकिकत तुम्हाला ठाऊक असते, ते कोणाच्या मनगटावर होते हे माहीत असते आणि ते बनावट असण्याची शक्यता फार कमी असते. विकत घेतलेल्या घड्याळाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींसाठी पैसे मोजूनही खात्री मिळत नाही. माझ्या संग्रहातले पहिले घड्याळ वडिलांचे एचएमटी जनता होते. त्याचा पट्टा कुजलेला होता आणि काच इतकी ओरखडलेली होती की आकडे नीट दिसत नव्हते, परंतु साफसफाई आणि तेल झाल्यावर ते त्याच दिवशी टिकटिकू लागले.

एचएमटीच्या घड्याळांना एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण स्वतंत्र भारतातल्या सामान्य माणसाच्या मनगटावर देशात तयार झालेले घड्याळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणले ते या सरकारी कंपनीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. त्याआधी चांगले घड्याळ म्हणजे परदेशातून आलेले घड्याळ, आणि ते परवडणारी माणसे मोजकी. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि उत्तराखंडातल्या राणीबाग येथेही उत्पादन सुरू झाले, आणि जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे घराघरांत पोहोचली. ही नावे उच्चारून पाहिली तरी कंपनी कोणाशी बोलत होती हे लक्षात येते. काही जनता घड्याळांच्या डायलवर तर आकडेही देवनागरीत होते, आणि अंध व्यक्तींसाठी काच उघडून काटे चाचपता येतील अशी ब्रेल घड्याळेही या कंपनीने काढली.

सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आल्यावर चावीच्या घड्याळांची मागणी घटत गेली. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून टायटन स्थापन केली आणि तिने पहिल्यापासून क्वार्ट्झवर भर दिला. एचएमटीला तो वेग पकडता आला नाही. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. माझ्या मते एचएमटी जमवणाऱ्याने हा इतिहास माहीत करून घ्यावा, कारण त्यामुळे आपल्या हातातल्या साध्या, जाड बांध्याच्या घड्याळाकडे बघण्याची नजर बदलते.

एचएमटीचे कोणते घड्याळ आधी घ्यावे?

जनता किंवा पायलट. दोन्ही हाताने चावी द्यायची घड्याळे आहेत, दोन्हींचे यंत्र मजबूत आहे आणि त्यांचे सुटे भाग इतर घड्याळांच्या मानाने अजून सहज मिळतात. जनता पांढऱ्या, शांत डायलची आहे. पायलटची डायल काळी असून आकडे ठळक आहेत. सोना हे चपटे आणि सोनेरी मुलाम्याचे, समारंभाला शोभणारे घड्याळ आहे. कांचन ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी घेणारे, असून त्यात वार आणि तारीख दिसते, आणि एके काळी लग्नात जावयाला कांचन द्यायचे म्हणजे मानपान व्यवस्थित झाला असे समजले जाई. कांचनचे यंत्र मात्र अधिक गुंतागुंतीचे असल्याने ते पहिले घड्याळ म्हणून मी सुचवत नाही.

इंटरनेटवर लाल, निळ्या, हिरव्या डायलची चकचकीत जुनी घड्याळे स्वस्तात दिसतात. ती घ्यावीत का?

पूर्ण समजून घेतली तर घ्यावीत, फसून घेऊ नयेत. अशा घड्याळांपैकी बहुतेकांचे यंत्र जुने आणि खरे असते, परंतु डायल पुन्हा रंगवलेली असते, काटे दुसऱ्याच घड्याळाचे असतात आणि केस, म्हणजे यंत्राभोवतीचे धातूचे कवच, घासून नवी केलेली असते. एचएमटी आणि सैको ५ (जपानच्या सैको कंपनीची ऑटोमॅटिक घड्याळे) या दोहोंच्या नावाखाली अशी जुळवाजुळव करून केलेली घड्याळे मोठ्या प्रमाणावर विकली जातात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका विक्रेत्याकडून “न वापरलेले” म्हणून गडद निळ्या डायलचे पायलट मागवले होते. घड्याळ हातात आल्यावर भिंगातून पाहिले तेव्हा अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसल्या, मिनिटांच्या रेषा आकड्यांशी जुळत नव्हत्या आणि मागच्या झाकणाच्या खाचा स्क्रू-ड्रायव्हर घसरून घसरून बोथट झाल्या होत्या. पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्या घड्याळाने मला डायल वाचायला शिकवले.

डायल तपासताना अक्षरांपासून सुरुवात करावी. कारखान्यात छापलेली अक्षरे भिंगाखालीही सलग आणि सारख्या जाडीची दिसतात, हाताने किंवा घाईने छापलेली अक्षरे पसरलेली व थरथरलेली दिसतात. त्यानंतर डायलच्या तळाशी सहाच्या आकड्याजवळची बारीक अक्षरे पाहावीत, कारण पुन्हा रंगवताना ती हमखास गाळली जातात किंवा चुकतात. विक्रेत्याकडे यंत्राचा उघडा फोटो मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तेथेच थांबवावा. चाळीस-पन्नास वर्षांच्या घड्याळाची डायल थोडी पिवळसर पडणे, तिच्यावर एखादा डाग असणे, हे वयाला शोभणारे आहे. संपूर्ण निष्कलंक डायल दिसली की मला आनंदाऐवजी शंका येते.

चावीचे, ऑटोमॅटिक आणि सेलवरचे घड्याळ यांत नेमका फरक काय?

चावीच्या घड्याळात आपण चावी फिरवतो तेव्हा डबीत बसवलेली मेन स्प्रिंग गुंडाळली जाते. ती सुटू पाहते, तिची ताकद चक्रांच्या साखळीतून पुढे जाते आणि शेवटी एस्केपमेंट नावाची रचना ती ताकद थेंबाथेंबाने बॅलन्स व्हीलला देते. बॅलन्स व्हील हेअरस्प्रिंग या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने मागे-पुढे झुलते, आणि आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे एस्केपमेंटचा दात अडकून सुटण्याचा आवाज असतो. एचएमटीच्या चावीच्या घड्याळांत तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५. दिवसाचा हिशेब केला तर ४,३२,००० ठोके होतात, आणि हे सारे एका वेळच्या चावीवर. ऑटोमॅटिक घड्याळात हेच सर्व असते. फक्त चावी देण्याचे काम हाताच्या हालचालीने फिरणारे एक वजन करते.

सेलवरच्या घड्याळात स्फटिकाचा छोटा तुकडा विजेच्या जोरावर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि आतली चिप त्या संख्येची पंधरा वेळा निम्मी करत करत सेकंदाला एक ठोका काढते. सैकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले, तेव्हा त्याची किंमत ४,५०,००० येन, म्हणजे एका छोट्या मोटारगाडीएवढी होती. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधले कितीतरी कारखाने बंद पडले. अचूकपणात क्वार्ट्झला तोड नाही हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही सकाळी चहा घेता घेता चावी देण्यात जो जिव्हाळा आहे, तो मला अचूकपणापेक्षा मोलाचा वाटतो.

डायलवर “१७ ज्वेल्स” लिहिलेले असते. आत खरोखर रत्ने असतात का?

असतात, पण ती कृत्रिम माणके असतात आणि त्यांना सराफाच्या दृष्टीने काहीही किंमत नसते. जुन्या घड्याळातले “हिरे” काढून विकता येतील या समजुतीने गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, विचारायला गेलेली माणसे मला माहीत आहेत. चक्रांच्या अतिबारीक टोकांना फिरण्यासाठी कठीण आणि गुळगुळीत बेअरिंग हवे असते. धातूवर धातू घासला तर दोन्ही झिजतात, म्हणून तेथे माणिक बसवतात. बॅलन्स व्हीलला ४, त्याला ढकलणारे १, एस्केपमेंटच्या तरफेवर अडकणारे २, आणि तरफ, एस्केप चक्र व पुढची तीन चक्रे यांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी २ म्हणजे १०, असे एकूण १७ होतात. हाताने चावी द्यायच्या साध्या घड्याळाला एवढी पुरतात. आकडा मोठा म्हणजे घड्याळ भारी, हे गणित चुकीचे आहे.

जुने घड्याळ रोज किती मागे-पुढे चालले तर ठीक समजावे?

दिवसाला ३० सेकंदांच्या आतला फरक जुन्या चावीच्या घड्याळाला शोभतो. तो दिवसाच्या ८६,४०० सेकंदांतला २,८८०वा भाग आहे. उद्यमनगरात लेथवर काम केलेल्या माणसाला एवढी अचूकता काय असते हे सांगावे लागत नाही. तुलनेसाठी सांगायचे तर स्वित्झर्लंडचे क्रोनोमीटर हे अचूकतेचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच मुभा असते, आणि साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास चुकते. घड्याळ रात्री कोणत्या बाजूला ठेवले जाते यावरही फरक पडतो. आडवे ठेवल्यावर पुढे जाणारे घड्याळ चावी खाली करून उभे ठेवल्यावर मागे पडू शकते, म्हणून आठवडाभर नोंद करून आपल्या घड्याळाचा स्वभाव ओळखावा.

वेळ कशाशी लावावी असेही विचारले जाते. मोबाइलवरची वेळ पुरेशी आहे. येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे, आणि कोल्हापूर सुमारे ७४.२ अंशांवर आहे. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने आपल्या डोक्यावरचा सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा सरासरी ३३ मिनिटे मागे असतो. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेर अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो, तेव्हा मावळतीची किरणे गाभाऱ्यात कितीला पोहोचतात हे पाहण्यासाठी सगळे हातातल्या घड्याळाकडे बघत असतात. त्या वेळी दोन निरनिराळे काळ एकाच ठिकाणी उभे आहेत असे मला दर वर्षी वाटते.

घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटे पुढे जाऊ लागले. बिघडले का?

बहुतेक वेळा त्याला चुंबकत्व लागलेले असते. हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वामुळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते आणि बॅलन्स व्हील घाईने झुलू लागते. स्पीकर, मोबाइलच्या कव्हरमधले चुंबक, पर्सची चुंबकी कडी ही नेहमीची कारणे आहेत. आपल्या गावात आणखी एक कारण मोठे आहे: ग्राइंडिंग मशीनचे मॅग्नेटिक चक आणि वेल्डिंगची केबल. उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावला कारखान्यात काम करणाऱ्यांनी यांत्रिक घड्याळ काढून खिशात नव्हे, तर लॉकरमध्ये ठेवावे. साधे होकायंत्र घड्याळाजवळ नेल्यावर सुई हलली तर निदान झाले असे समजावे. उपाय सोपा आहे. चुंबकत्व घालवण्याचे यंत्र बहुतेक जुन्या घड्याळ कारागिरांकडे असते आणि काम मिनिटभराचे असते.

पावसाळ्यात आणि पुरात घड्याळांची काळजी कशी घ्यावी?

या प्रश्नाला कोल्हापुरात विशेष वजन आहे. जून ते सप्टेंबर हवेतली ओल एवढी असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते आणि जुन्या घड्याळाच्या काचेआड वाफ जमते. जुन्या एचएमटीला किंवा त्याआधीच्या स्विस घड्याळांना पाणी रोखणारी रबरी रिंग एक तर नसते, किंवा असली तरी कडक होऊन निरुपयोगी झालेली असते. झाकणावर जलरोधक असे काहीही लिहिलेले असले तरी अशी घड्याळे पावसात बांधू नयेत. जुलै-ऑगस्टमध्ये मी स्वतः साधे डिजिटल घड्याळ वापरतो. बाकीची घड्याळे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्या दर पंधरा दिवसांनी बदलतो. नव्या घड्याळावर “३ एटीएम” (पाण्याचा दाब सोसण्याचे माप) लिहिलेले असेल तर ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतेच समजावे. रंकाळ्यावरच्या पावसात भिजायला ५, आणि पोहायला १० एटीएम हवे. गरम पाण्याने अंघोळ करताना तर कोणतेही घड्याळ हातात ठेवू नये.

पुराचे पाणी ही वेगळीच आपत्ती आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी मामांच्या घरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या लाकडी कपाटातली तीन घड्याळे चार दिवस गाळात होती. पाणी ओसरल्यावर मामांनी प्रेमाने ती पुसली, चावी देऊन पाहिली आणि उन्हात वाळत ठेवली. आपल्यापैकी कोणीही हेच केले असते, पण नुकसान तेथेच झाले. चावी फिरवल्याने गाळाचे कण माणकांत आणि चक्रांच्या टोकांत रुतले, आणि उन्हात पाणी वाफ होऊन आतल्या आत फिरले. तीनपैकी एकच घड्याळ वाचले. भिजलेल्या घड्याळाची चावी फिरवू नये, ते तांदळात पुरू नये, उन्हात ठेवू नये. मागचे झाकण उघडता येत असेल तर उघडावे आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे, कारण पोलादी भागांवर गंज चढायला एक-दोन दिवस पुरतात.

ओघात गुलालाबद्दलही सांगतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेला किंवा विसर्जन मिरवणुकीला जाताना यांत्रिक घड्याळ घरी ठेवावे. गुलालाची पूड इतकी बारीक असते की ती चावीच्या दांड्याभोवतीच्या फटीतून आत जाते आणि तेलात मिसळून चिखल होतो.

अंधारात चमकणारी जुनी घड्याळे धोकादायक असतात का?

आपल्याकडे चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला, अगदी गाडीच्या नंबर प्लेटवरच्या कागदालाही, “रेडियम” म्हणतात. त्यामुळे घोटाळा होतो. आजच्या घड्याळांतला चमकणारा रंग प्रकाश साठवून परत देतो आणि तो निरुपद्रवी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच घड्याळांत मात्र खरोखर रेडियम असलेला रंग वापरत. अमेरिकेत १९२०च्या दशकात असे आकडे रंगवणाऱ्या कामगार मुली ब्रशचे टोक ओठांनी सारखे करत असल्याने गंभीर आजारांनी गेल्या. रेडियमची किरणोत्सारिता निम्मी व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात. घड्याळ आता चमकत नाही याचा अर्थ एवढाच, की प्रकाश देणारे रसायन जळून गेले आहे. रेडियम आहे तसेच आहे.

काच बंद असलेले असे एखादे घड्याळ संग्रहात असायला हरकत नाही. ते स्वतः उघडू नये, काट्यांवरचा तपकिरी, भुसभुशीत रंग खरवडू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये आणि कारागिराकडे दिल्यास आधी कल्पना द्यावी. ती धूळ श्वासातून आत जाणे हा खरा धोका आहे. डायलच्या तळाशी “टी” हे अक्षर असेल तर त्यात नंतरच्या काळातला ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ आहे, त्याची ताकद आतापर्यंत बरीच ओसरलेली असते.

साफसफाई आणि तेल किती वर्षांनी करावे, आणि चांगला कारागीर कसा ओळखावा?

रोज वापरातल्या यांत्रिक घड्याळाला चार-पाच वर्षांनी. घड्याळ चालू आहे म्हणून ते ठीक आहे असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण सुकलेल्या तेलावरही ते काही वर्षे चालते आणि तेवढ्या काळात चक्रांची टोके झिजतात.

महाद्वार रोड, शाहूपुरी, राजारामपुरी या भागांत अजूनही काचेच्या छोट्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसलेले कारागीर आहेत, आणि त्यांची संख्या वर्षागणिक घटते आहे. ज्यांची मुले या व्यवसायात नाहीत, त्यांच्या खुर्च्या त्यांच्यानंतर रिकाम्या होणार आहेत. चांगला कारागीर यंत्र पूर्ण सुटे करतो, भाग धुतो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जाडीचे तेल अगदी कणभर लावतो. केवळ झाकण उघडून पेट्रोलचा फवारा मारणारा आणि वरून तेल सोडणारा कारागीर टाळावा. त्याला विचारावे, “सुटे करून धुणार का?” या एका प्रश्नाला तो कसे उत्तर देतो त्यावरून बरेच कळते. बदललेले जुने भाग परत मागावेत. मजुरीत घासाघीस करू नये, असे मी कळकळीने सांगतो. दोन-तीन तास मान मोडून केलेल्या कामाचे जे पैसे ते मागतात, ते एका वेळच्या हॉटेलच्या बिलापेक्षा बहुधा कमीच असतात.

काच आणि केस घासून नवी करून घ्यावी का?

काच घ्यावी, केस नको. जुन्या घड्याळांची काच प्लास्टिकची असते. तिच्यावरचे ओरखडे मऊ कापडावर थोडी टूथपेस्ट घेऊन हळूहळू घासल्यास जातात, आणि नाही गेले तर नवी काच स्वस्तात बसते. केसच्या धारदार कडा मात्र एकदा पॉलिशच्या चाकावर गोल झाल्या की परत येत नाहीत. डायलला तर कोणालाही हात लावू देऊ नये.

पट्टा कोणता लावावा?

आधी मोजपट्टीने दोन शिंगांमधले, म्हणजे पट्टा जेथे अडकवतात त्या केसच्या टोकांमधले, अंतर मोजावे. जुन्या पुरुषी घड्याळांत ते बहुधा १८ मिलिमीटर असते. जुन्या घड्याळाला चामड्याचा साधा पट्टा शोभतो, आणि आपल्याकडे त्यासाठी दूर जावे लागत नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे वनस्पतींच्या अर्काने कमावलेले असते, वापरासोबत ते गडद आणि मऊ होत जाते. चपलेच्या ओळखीच्या कारागिराकडून मी असे दोन पट्टे करून घेतले. पहिला फार जाड झाला आणि बकलमधून जाईना. दुसऱ्या वेळी चामडे दीड ते दोन मिलिमीटरपर्यंत तासून घेतले, तेव्हा जमले. घामाच्या दिवसांत कापडी पट्टा बरा.

घरात जुने स्विस घड्याळ सापडले आहे. ते मौल्यवान असेल का?

त्यावर फाव्र-ल्युबा किंवा वेस्ट एंड वॉच कंपनी असे नाव असेल तर ते भारतीय इतिहासाचा तुकडा म्हणून निश्चित मौल्यवान आहे. पैशात ते किती हे अवस्थेवर ठरते. फाव्र-ल्युबाचे मूळ १७३७ पर्यंत मागे जाते, आणि तिची सी किंग, सी चीफ ही घड्याळे मुंबईमार्गे देशभर पोहोचली. वेस्ट एंड १८८६ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिच्या सोवार या घड्याळाचे नाव घोडदळातल्या “स्वार” या आपल्या ओळखीच्या शब्दावरून आलेले आहे, आणि ब्रिटिशकालीन हिंदी सैन्यातल्या कितीतरी शिपायांच्या मनगटावर ते होते. सैनिक टाकळीसारख्या, घरटी एखादा फौजी असलेल्या गावांत जुन्या ट्रंका उघडताना हे नाव लक्षात ठेवावे. सोन्याच्या केसवर “७५०” हा आकडा म्हणजे १८ कॅरेट. “२० मायक्रॉन” म्हणजे फक्त मुलामा. केवळ सोन्याच्या वजनासाठी अशी घड्याळे मोडीत घालू नयेत, ही विनंती.

नव्या घड्याळांपैकी काय पाहावे?

येथे आवडीनिवडीचा भाग मोठा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. रोजच्या धकाधकीसाठी कॅसिओचे साधे एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून जवळजवळ तसेच मिळते आणि संग्रहात त्याला मानाची जागा आहे. आदळआपट सहन करायची असेल तर १९८३ मध्ये आलेले जी-शॉक. यांत्रिक घड्याळाची ओळख करून घ्यायची असेल तर अधिकृत दुकानातून घेतलेले सैको ५. भारतीय अभियांत्रिकीचा नमुना हवा असेल तर २००२ मध्ये आलेले टायटन एज पाहावे; एकूण जाडी ३.५ मिलिमीटर आणि आतले यंत्र १.१५ मिलिमीटर, हे काम होसूरच्या कारखान्यात झाले याचा मला अभिमान वाटतो. सेलवरचे घड्याळ वापरायचे नसेल तेव्हा सेल काढून ठेवावा. संपलेला सेल फुटून आतली तांब्याची तार खातो.

घड्याळे गुंतवणूक म्हणून घ्यावीत का?

नाही. पैसा वाढवायचा असेल तर गुजरीत सोने आहे, बँकेत ठेव आहे.

संग्रहात किती घड्याळे असावीत, आणि त्यांची नोंद कशी ठेवावी?

जेवढ्यांना तुम्ही महिन्यातून एकदा तरी चावी देऊ शकता, तेवढी. माझ्याकडे एके काळी ३१ होती आणि निम्मी बंद असायची; आता १४ आहेत आणि सगळी चालतात. प्रत्येक घड्याळामागे वहीचे एक पान ठेवावे. त्यावर झाकणावरचा आणि यंत्रावरचा क्रमांक, कोठून कधी मिळाले, कोणी वापरले, शेवटचे तेल कोणत्या तारखेला झाले, कोणता भाग बदलला आणि कोणत्या कारागिराने काम केले हे लिहावे. वार-तारखेचे घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारीख हाताने बदलू नये, हेही त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे, कारण त्या वेळी तारखेचे दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि जबरदस्तीने तुटतात. माझ्या वहीतले पहिले पान वडिलांच्या जनताचे आहे. घड्याळ कोणत्या साली घेतले ते त्यांना आठवत नव्हते, पण त्या दिवशी बिंदू चौकातून घरापर्यंत चालत येताना दर थोड्या वेळाने मनगट कानाला लावून पाहिले होते, एवढे त्यांनी सांगितले. तेच मी तेथे लिहून घेतले आहे.